घटक ४ : प्रेक्षक आणि सहभागी – लोककला, विद्यापीठीय कलामहोत्सव आणि गाव

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस पुढील गोष्टी साध्य होतील.

• 'सहभागी कला' ही संकल्पना स्पष्ट करता येईल.
• प्रेक्षकांच्या सहभागाच्या तीन पातळ्या उदाहरणांसह सांगता येतील.
• मंडई, खडी गंमत, भुलाबाई आणि मारबत यांतील समूहसहभागाचे स्वरूप विशद करता येईल.
• लोककला विद्यापीठीय महोत्सवाच्या मंचावर आल्यावर तिच्यात होणाऱ्या बदलांची चिकित्सा करता येईल.
• एखाद्या सहभागी प्रयोगाची लेखी नोंद घेता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, लोकसाहित्याचा अभ्यास करताना आपण बहुधा संहितेपासून सुरुवात करतो. गण, गौळण, लावणी, वग यांचे छापील पाठ आपल्यासमोर असतात. त्यांतील भाषा, छंद, विनोद, व्यक्तिचित्रण यांचा आपण विचार करतो. परंतु हा पाठ जेव्हा प्रत्यक्षात सादर झाला, तेव्हा भोवती माणसे बसली होती. ती हसली, मध्येच काही बोलली, कोणी बक्षीस दिले, कोणी शाहिराला प्रश्न टाकला. शाहिराने त्याला उत्तर दिले आणि त्या उत्तराने पुढचा प्रसंग थोडा बदलला. छापील पाठात हे काही उरत नाही.

या घटकात आपण याच न उरलेल्या भागाचा अभ्यास करणार आहोत. त्यासाठी नागपूर जिल्ह्यातील मौदा आणि त्याचा परिसर हे आपले अभ्यासक्षेत्र आहे. कन्हान नदीच्या काठचे हे तालुक्याचे गाव नागपूरहून भंडाऱ्याकडे जाणाऱ्या महामार्गावर वसले आहे. भोवती धानाची शेती आहे. तालुक्यातच २,३२० मेगावॅट क्षमतेचे औष्णिक वीजनिर्मिती केंद्र उभे आहे. पूर्वेला भंडारा जिल्हा लागतो आणि तिकडे सरकावे तसा नागपुरी बोलीत झाडीबोलीचा रंग मिसळत जातो. शेती, कारखानदारी, महामार्ग आणि लोकपरंपरा ज्या ठिकाणी एकत्र नांदतात, अशा गावात कलामहोत्सव भरला तर त्यात गावाचे स्थान कोणते असावे, हा या घटकाचा मध्यवर्ती प्रश्न आहे.

आपल्यापैकी अनेकांनी मंडईत खडी गंमत पाहिली असेल, भुलाबाईची गाणी म्हटली असतील किंवा मारबतीच्या मिरवणुकीत चालण्याचा अनुभव घेतला असेल. हा अनुभव अभ्यासाबाहेरचा आहे असे मानू नये. या घटकापुरते ते आपले पहिले अभ्याससाहित्य आहे.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ प्रेक्षक, सामाजिक आणि प्राश्निक

प्रेक्षक म्हणजे पाहणारा. संस्कृत काव्यशास्त्रात मात्र नाट्यप्रयोग पाहणाऱ्यासाठी 'सामाजिक' असाही शब्द योजलेला आहे. समाजात, म्हणजे सभेत, इतरांसह बसून जो रसाचा अनुभव घेतो तो सामाजिक. एकट्याने पाहणे आणि समूहात बसून पाहणे यांतील भेद या शब्दातच सूचित झाला आहे.

भरताच्या नाट्यशास्त्रातील सत्ताविसावा अध्याय प्रयोगाच्या सिद्धीविषयी, म्हणजे यशाविषयी आहे. भरताने सिद्धीचे दैवी आणि मानुषी असे दोन प्रकार मानले. मानुषी सिद्धी प्रेक्षकांच्या प्रतिसादातून कळते. हा प्रतिसाद वाणीने व्यक्त होतो, तसाच शरीराने. स्मित, मोठे हास्य, 'साधु' किंवा 'अहो' असे उद्गार, करुण प्रसंगी 'कष्टम्' असे हळहळणे ही वाणीची चिन्हे होत. अंगावर रोमांच येणे, आसनावरून उठणे, नटाला वस्त्र किंवा अंगठी देणे ही शरीराची चिन्हे होत. तमाशाच्या बारीत किंवा खडी गंमतीत बक्षीस देणाऱ्याचे नाव पुकारले जाते, तेव्हा आपल्याला या चिन्हांची आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

याच अध्यायात भरताने 'प्राश्निक' म्हणजे परीक्षक यांचीही चर्चा केली आहे. प्रयोगाविषयी मतभेद झाल्यास निर्णय प्राश्निकांनी द्यावा. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, हे परीक्षक एकाच विद्येचे जाणकार नाहीत. यज्ञविधी जाणणारा, नर्तक, छंद जाणणारा, वैयाकरण, धनुर्विद्या जाणणारा, चित्रकार, वेश्या, गायक, राजसेवक अशा निरनिराळ्या व्यवसायांतील माणसे त्यांत आहेत. रंगमंचावर जे जीवन दाखवले जाते, ते जीवन ज्याला ठाऊक आहे त्याने त्याची पारख करावी, असा त्यामागील विचार दिसतो. विद्यापीठीय महोत्सवातील परीक्षणाचा विचार करताना हा मुद्दा आपल्याला पुन्हा उपयोगी पडेल.

४.२.२ सहभागाच्या तीन पातळ्या

'सहभाग' हा शब्द आज फार सैलपणे वापरला जातो. टाळ्या वाजवणे हाही सहभाग आणि नाटकाचा शेवट बदलणे हाही सहभाग. अभ्यासाच्या सोयीसाठी आपण त्याच्या तीन पातळ्या करू.

(अ) दाद : कलाकृती तयार आहे, प्रेक्षक तिला प्रतिसाद देतो. प्रतिसादाने कलावंताला बळ मिळते, पण कलाकृतीची रचना तीच राहते. बैठकीतील गायनाला मिळणारी वाहवा हे याचे उदाहरण.

(आ) पूर्तता : कलाकृतीत एक जागा मोकळी ठेवलेली असते आणि ती समूहाने भरायची असते. कीर्तनकाराने अर्धे सोडलेले नाममंत्राचे वाक्य श्रोते पुरे करतात. भजनात बुवांची ओळ मागचे टाळकरी आणि समोरचे लोक उचलून धरतात. लोक नसतील तर ही रचना अपुरी राहते.

(इ) हस्तक्षेप : प्रेक्षकाच्या शब्दाने किंवा कृतीने कलाकृतीची दिशाच बदलते. पुढे काय होणार हे कलावंतालाही पूर्णपणे ठाऊक नसते.

एखादा प्रयोग कोणत्या पातळीवरचा आहे हे ठरवण्यासाठी एक साधा प्रश्न विचारावा : भोवती बसलेला हा माणूस आज आला नसता, तर येथे काय वेगळे घडले असते? 'काहीच नाही' असे उत्तर आले तर तेथे सहभागाचा केवळ देखावा आहे. 'उत्साह कमी पडला असता' असे उत्तर आले तर ती दाद. 'प्रयोग अपुरा राहिला असता' असे आले तर पूर्तता, आणि 'प्रयोग निराळाच झाला असता' असे आले तर हस्तक्षेप.

या पातळ्या म्हणजे गुणवत्तेच्या पायऱ्या नव्हेत. उत्कट दाद मिळालेला प्रयोग हा उथळ हस्तक्षेप झालेल्या प्रयोगापेक्षा श्रेष्ठ असू शकतो. पातळी ओळखल्याने आपल्याला फक्त एवढे कळते की, कलावंताने समूहाला कोणते काम दिले आहे.

४.२.३ मौदा परिसरातील सहभागाच्या परंपरा

मंडई आणि खडी गंमत : दिवाळी आणि भाऊबीज आटोपली की पूर्व विदर्भात मंडईचे दिवस सुरू होतात. निरनिराळ्या गावांची मंडई निरनिराळ्या दिवशी भरते, त्यामुळे एका गावचे लोक दुसऱ्या गावी पाहुणे म्हणून जातात. लेकी माहेरी येतात, सोयरिकी जुळतात, बाजार भरतो. दिवसा दंडार किंवा खडी गंमत आणि रात्री नाटक असा कार्यक्रम अनेक गावांत असतो. म्हणजे कलेचा प्रयोग हा तेथे स्वतंत्र प्रसंग नसतो. तो भेटीगाठींच्या मध्यभागी उभा असतो.

खडी गंमत हा विदर्भातील तमाशाशी नाते सांगणारा लोकनाट्यप्रकार आहे. 'खडी' म्हणजे उभी. शाहीर आणि त्याचे साथीदार ढोलकी, डफ, तुणतुणे, टाळ यांच्या साथीने उभ्याने सादरीकरण करतात. परंपरेने स्त्रीभूमिका पुरुष कलावंतच करीत आले आहेत. उंच मंच, पडदा, नेपथ्य यांची गरज नसते. मोकळ्या जागेत लोक भोवती बसतात व उभे राहतात आणि मधली जागा हीच रंगभूमी होते. या रचनेचा परिणाम दूरगामी आहे. प्रेक्षक चहूबाजूंनी असल्यामुळे कलावंताला कोणाकडेही पाठ करून फार वेळ उभे राहता येत नाही. शिवाय प्रत्येक प्रेक्षकाला समोरच्या बाजूचे प्रेक्षक दिसतात. गाव स्वतःलाही पाहत असते.

दोन शाहिरांचा सामना असेल, तर कलगी-तुऱ्याच्या परंपरेतील सवाल-जवाब रंगतात. एकाने कूट घालायचे, दुसऱ्याने ते सोडवायचे. जवाब बरोबर आला की नाही हे लोकांच्या प्रतिसादावरून जाणवते. गमतीदार संवादांत गावातील ताज्या घडामोडी, पिकाचा भाव, ओळखीच्या व्यक्तींची लकब असे काहीही येऊ शकते. येथे दाद, पूर्तता आणि हस्तक्षेप या तिन्ही पातळ्या एकाच प्रयोगात आळीपाळीने दिसतात.

भुलाबाई : भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत विदर्भात मुली भुलाबाईची गाणी म्हणतात. गाणी संपली की खिरापतीची वेळ येते. डब्यात काय आणले आहे हे जमलेल्या मुलींनी ओळखायचे असते. गोड की तिखट, ओले की कोरडे अशा प्रश्नांतून हा शोध चालतो आणि ओळखता येऊ नये असा पदार्थ करण्यात घरच्या गृहिणीचे कौशल्य पणाला लागते. सहभागी कलेचे इतके नेटके उदाहरण क्वचितच सापडेल. प्रश्न ठरलेले, उत्तर मात्र रोज नवे. आणि जो तो खेळाडूच, वेगळा प्रेक्षक नाहीच.

मारबत : पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतीची मिरवणूक निघते. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी मारबत १८८५ पासून निघत असल्याचे सांगितले जाते. या मोठ्या प्रतिमांबरोबर 'बडगे' असतात. बडग्यांचे विषय दरवर्षी बदलतात : महागाई, भ्रष्टाचार, रोगराई, त्या वर्षी लोकांना ज्याचा राग आला असेल ते. गावावरील इडापिडा घेऊन जाण्याचे आवाहन लोक मोठ्याने करतात आणि अखेर प्रतिमांचे दहन होते. काय जाळायचे हे वस्त्यांमधील माणसे ठरवतात, म्हणून बडगा हे समूहाने दरवर्षी नव्याने लिहिलेले उपहासकाव्यच म्हणता येईल.

सामुदायिक प्रार्थना : नागपूर विद्यापीठाची स्थापना १९२३ साली झाली आणि २००५ साली त्याला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव देण्यात आले. तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) खंजिरी भजन आणि सामुदायिक प्रार्थना यांतून गावे जोडली आणि १९५५ साली ग्रामगीता प्रकाशात आणली. त्यांच्या भजनात समोर बसलेला समूह हा गाणारा समूह होता. ज्या विद्यापीठाच्या नावातच अशी परंपरा आहे, त्याच्या परिसरातील महोत्सवाकडून सहभागाची अपेक्षा करणे स्वाभाविक ठरते.

मात्र परंपरेचे वर्णन करताना तिच्या मर्यादाही नोंदवाव्यात. खडी गंमतीच्या रिंगणात स्त्रियांना परंपरेने कलावंत म्हणून स्थान नव्हते. गावाच्या वर्तुळात कोण पुढे बसतो आणि कोण मागे उभा राहतो, यावर जातीची आणि मालमत्तेची छाया होती. वर्तुळ गोल असले तरी सर्वांना त्यात सारखी जागा मिळतेच असे नाही.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
योग्य पर्याय निवडा.
(१) नाट्यशास्त्रातील 'प्राश्निक' म्हणजे – (अ) नट (ब) परीक्षक (क) सूत्रधार
(२) भुलाबाईच्या खिरापतीचा खेळ मुख्यतः सहभागाच्या या पातळीवर येतो – (अ) दाद (ब) पूर्तता (क) यांपैकी नाही
(३) मारबतीच्या मिरवणुकीत दरवर्षी विषय बदलतो तो – (अ) काळ्या मारबतीचा (ब) पिवळ्या मारबतीचा (क) बडग्यांचा

४.२.४ लोककला महोत्सवाच्या मंचावर

विद्यापीठांचे युवक महोत्सव महाविद्यालय, विद्यापीठ आणि आंतरविद्यापीठ अशा टप्प्यांनी होतात. महाराष्ट्रातील विद्यापीठांचे संघ 'इंद्रधनुष्य' या राज्यस्तरीय महोत्सवात एकत्र येतात. संगीत, नृत्य, नाट्य, वाङ्मयीन कला आणि ललित कला असे स्पर्धांचे गट असतात. एकांकिकेला साधारणतः ३० मिनिटे, प्रहसनाला १० मिनिटे, जागेवर बसून काढायच्या चित्राला अडीच तास अशा वेळेच्या मर्यादा असतात. अलीकडे मांडणशिल्पालाही स्पर्धेत स्थान मिळाले आहे.

या महोत्सवांचे ऋण मोठे आहे. खेड्यातील मुलामुलींना त्यांनी व्यासपीठ दिले. ज्या कलांकडे घरातही दुर्लक्ष होत होते, त्या शिकण्यासाठी निमित्त दिले. विशेषतः मुलींना लोकनाट्य आणि लोकवाद्ये यांच्यापर्यंत पोहोचण्याची वाट खुली झाली. परंपरेच्या रिंगणात जे घडत नव्हते ते येथे घडले, हे प्रथम मान्य केले पाहिजे.

आता तीन बदल पाहू.

पहिला बदल जागेचा. वर्तुळाचा मंच होतो. प्रेक्षक एका बाजूला, अंधारात बसतात. त्यांना एकमेकांचे चेहरे दिसत नाहीत. दुसरा बदल वेळेचा. दहा मिनिटांत बसवायचे म्हणून प्रत्येक हालचाल आधी पक्की करावी लागते. मध्ये कोणी प्रश्न टाकला तर त्याला उत्तर द्यायला वेळच नसतो. उत्तर दिले तर वेळ ओलांडल्याबद्दल गुण कमी होण्याची भीती असते. तिसरा बदल निर्णयाचा. कलावंताचे लक्ष पहिल्या रांगेतील परीक्षकांकडे लागते. भरताने सांगितलेले प्राश्निक जीवनाच्या अनेक क्षेत्रांतून येत होते. येथील परीक्षक बहुधा कलाक्षेत्रातीलच असतात. धान लावण्याचे नृत्य पाहायला ज्याने धान लावले आहे असा माणूस परीक्षकांत असतोच असे नाही.

या तीन बदलांचा परिणाम भाषेवर होतो आणि मराठीच्या विद्यार्थ्याने तिकडे विशेष लक्ष दिले पाहिजे. पुढे कोणी काय बोलेल हे ठाऊक नसते, तेव्हा कलावंताची बोली जागी असते. सारे आधी पाठ केलेले असते, तेव्हा बोलीचे शब्द उरतात, पण तिचा हजरजबाबीपणा निघून जातो. चार ठसकेबाज उच्चार आणि दोन म्हणी एवढीच बोली मंचावर शिल्लक राहते. अशा वेळी बोली ही बोलण्यासाठी नसून दाखवण्यासाठी आहे, असा समज तरुण कलावंताचा होऊ लागतो. येथील खरे नुकसान हे आहे.

४.२.५ जगातील काही प्रयोग

मंच आणि प्रेक्षागृह यांच्यातील ही दरी विसाव्या शतकात अनेक देशांतील कलावंतांना जाणवली. न्यूयॉर्क येथे १९५९ साली ॲलन कॅप्रो याने एका कलादालनात केलेल्या प्रयोगात पाहुण्यांना लेखी सूचना दिल्या. ठरलेल्या वेळी त्यांनी एका खोलीतून दुसरीत जायचे होते. प्रेक्षक प्रयोगाच्या आत आला, पण त्याने काय करायचे हे कलावंतानेच ठरवले होते. आपल्या वर्गीकरणानुसार ही पूर्तता झाली.

जर्मन कलावंत योझेफ बॉइस याने १९८२ साली कासल या शहरात ७,००० ओकवृक्ष लावण्याचा प्रकल्प सुरू केला. प्रत्येक झाडाजवळ बेसाल्टचा एक दगड उभा करायचा होता. हे दगड आधीच एका चौकात रचून ठेवले होते; झाड लागले की ढिगातून एक दगड कमी होई. शहराने किती काम केले हे त्या घटत्या ढिगावरून सर्वांना दिसत असे. बॉइसच्या मृत्यूनंतर, १९८७ साली, अखेरचे झाड लागले.

ब्राझीलचे नाटककार आउगुस्तो बोआल (१९३१–२००९) हस्तक्षेपापर्यंत गेले. त्यांच्या पद्धतीत अन्याय सोसणाऱ्या व्यक्तीचा एक छोटा प्रसंग प्रथम सलग दाखवला जातो. त्याचा शेवट पराभवात होतो. मग तोच प्रसंग पुन्हा सुरू होतो. मात्र आता कोणीही प्रेक्षक 'थांबा' म्हणून उठू शकतो, त्या पात्राच्या जागी उभा राहू शकतो आणि आपला उपाय करून पाहू शकतो. इतर नट त्याला सहज जिंकू देत नाहीत. या सर्वांचे संचालन करणाऱ्याला बोआल यांनी 'जोकर' म्हटले. पश्चिम बंगालमध्ये 'जन संस्कृती' ही संस्था १९८५ पासून खेड्यांत काम करीत आली असून तिने ही पद्धत ग्रामीण लोकांत रुजवली. बोआल यांचा जोकर आणि आपल्या लोकनाट्यातील सोंगाड्या हे एकच नव्हेत. सोंगाड्या लोकांच्या वतीने बोलतो. जोकर लोकांना बोलायला लावतो. मात्र दोघेही रिंगण आणि भोवतालची माणसे यांच्यामधील उंबरठ्यावर उभे असतात.

४.२.६ मौद्यासाठी एक आखणी

आता हे सर्व विचार एका ठिकाणी आणून पाहू. समजा, मौद्यातील एखाद्या महाविद्यालयाला तीन दिवसांचा कलामहोत्सव भरवायचा आहे आणि त्यातील काही भाग गावासह करायचा आहे. पुढील आखणी ही केवळ अभ्यासासाठी केलेली कल्पना आहे.

पहिला दिवस – नदीचा पट : मैदानावर लांब कापड अंथरावे आणि त्यावर कन्हानचा प्रवाह रेखावा. येणाऱ्या प्रत्येकाने नदीशी जोडलेली आपली एक आठवण, शब्द किंवा चित्र त्या जागी उमटवावे : घाट, रेती, पूर, मासे, वांग्याची वाडी, धुणे. लिहिता न येणाऱ्याने सांगावे, विद्यार्थ्याने त्याच्याच बोलीत लिहावे. प्रमाणभाषेत सुधारू नये. पट भरेपर्यंत कलाकृती अपुरी आहे, म्हणून ही पूर्तता.

दुसरा दिवस – रिंगण : खडी गंमतीच्या स्थानिक शाहिराला मंचाऐवजी मैदानाच्या मध्यभागी बोलवावे. वेळेचे बंधन ढिले ठेवावे. परीक्षण करायचेच असेल तर एक शेतकरी, एक गृहिणी आणि एक जुना कलावंत असे प्राश्निक असावेत.

तिसरा दिवस – थांबवता येणारे नाटक : विषय असा असावा की त्याचे उत्तर गावाला खरोखरच हवे आहे. उदाहरणार्थ, दूरशिक्षणातून पदवी घेऊ पाहणाऱ्या सुनेची परीक्षा ऐन धानकापणीत आली आहे. सासूला ती शेतात हवी आहे. दोघींपैकी कोणीही दुष्ट नाही; पीक खरे आहे आणि परीक्षाही खरी आहे. हा प्रसंग आपल्यापैकी अनेकांच्या घरचा असू शकतो.

आखणी करताना काही पथ्ये पाळावीत. कापणीच्या दिवसांत दुपारी कार्यक्रम ठेवल्यास मजुरी करणारी माणसे येऊ शकणार नाहीत. रात्री उशिरा ठेवल्यास अनेक स्त्रिया गैरहजर राहतील. कोणालाही हात धरून रिंगणात ओढू नये. न बोलण्याचा हक्क हाही सहभागातील हक्क आहे. कलावंताला प्रमाणपत्राबरोबर योग्य मानधन मिळाले पाहिजे. नदीचा पट महोत्सवानंतर कोठे राहील, हे आधी गावाशी बोलून ठरवावे. गावाची आठवण महाविद्यालयाच्या कपाटात बंद झाली, तर गाव पुन्हा प्रेक्षकच ठरेल.

ही भूमिका विद्यापीठांना नवी नाही. २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांत सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेने विद्यार्थ्याने गावात जाऊन राहावे, गावाकडून शिकावे हे तत्त्व मानले. तिची सात दिवसांची विशेष शिबिरे आजही खेड्यांत होतात. श्रमदानाला असलेले हे स्थान कलेलाही देता येईल.

४.२.७ सहभागी प्रयोगाची नोंद

अशा प्रयोगाची संहिता आधी लिहिता येत नाही. ती नंतर नोंदवावी लागते. त्यासाठी वहीच्या पानाचे दोन भाग करावेत. डावीकडे रिंगणात काय घडले ते आणि उजवीकडे भोवती काय घडले ते लिहावे. वरील सून-सासूच्या नाटकाच्या नोंदीचा एक काल्पनिक नमुना पाहा.

रिंगणात – सासू : "पेपर तं पुढच्या साली बी येते. पिकलेलं धान थांबते काय?"
भोवती – थोडे हसू. वयस्क पुरुषांच्या माना डोलतात. सुना गप्प.
भोवती – मागच्या रांगेतील एक बाई, जागेवरूनच : "धान कापाले मजुरीनं बाई भेटते. पेपर लिवाले भेटते काय?"
भोवती – मोठा हशा, स्त्रियांच्या बाजूने टाळ्या.
रिंगणात – सासूचे काम करणारी नटी क्षणभर थांबते : "भेटते ना. पन थे मजुरी कोन देईन?"
भोवती – शांतता.

या सहा नोंदींत नाटकाचा विषय बदललेला आपणांस दिसेल. सुरुवातीला प्रश्न सुनेच्या शिक्षणाचा होता. बाईंच्या एका वाक्यामुळे तो मजुरीच्या पैशाचा झाला. केवळ डावा भाग लिहिला असता, तर सासूचे दुसरे वाक्य कोठून आले हे वाचकाला कळले नसते. शेवटची 'शांतता' ही नोंदही महत्त्वाची आहे. ज्या प्रश्नाला गावाकडे तयार उत्तर नाही, तो प्रश्न तेथे सापडला आहे.

नोंद घेताना बोली जशी ऐकली तशीच लिहावी. बोलणाऱ्याची परवानगी घ्यावी. खाजगी गोष्ट असेल तर नाव लिहू नये. हशा, टाळ्या, कुजबुज, उठून जाणे हे सारे शब्दांइतकेच नेमकेपणाने टिपावे.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २
एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) लोककला मंचावर आल्यावर होणारे तीन बदल कोणते?
(२) सोंगाड्या आणि बोआल यांचा जोकर यांतील मुख्य फरक कोणता?
(३) सहभागी प्रयोगाच्या नोंदीत दुसरा भाग कशासाठी असतो?

४.३ सारांश

प्रेक्षक हा कलेच्या अनुभवातील सक्रिय घटक आहे, ही जाणीव नाट्यशास्त्राइतकी जुनी आहे. दाद, पूर्तता आणि हस्तक्षेप या सहभागाच्या तीन पातळ्या होत. पूर्व विदर्भातील मंडई, खडी गंमत, भुलाबाई आणि नागपूरची मारबत यांत या पातळ्या सहजपणे आढळतात; मात्र स्त्रिया आणि दुर्बल घटक यांना परंपरेने सर्वत्र सारखी जागा दिलेली नाही. विद्यापीठीय महोत्सवांनी नव्या कलावंतांना व्यासपीठ दिले. परंतु जागा, वेळ आणि निर्णय यांतील बदलांमुळे लोककलेतील संवाद आणि बोलीचा हजरजबाबीपणा क्षीण होतो. कॅप्रो, बॉइस आणि बोआल यांच्या प्रयोगांनी प्रेक्षकाला पुन्हा आत घेण्याच्या निरनिराळ्या वाटा दाखवल्या. गावासह महोत्सव करायचा तर गावाला ठरवण्याचा वाटा दिला पाहिजे आणि त्याची नोंद करताना भोवतालच्या माणसांचे शब्दही संहितेचा भाग मानले पाहिजेत.

४.४ पारिभाषिक शब्द

सामाजिक – सभेत बसून नाट्यरसाचा अनुभव घेणारा प्रेक्षक.
प्राश्निक – नाट्यप्रयोगाची पारख करणारा परीक्षक.
बडगा – मारबतीच्या मिरवणुकीतील, चालू विषयावर टीका करणारी प्रतिमा.
मंडई – दिवाळीनंतर पूर्व विदर्भातील गावांत भरणारी जत्रा.
मांडणशिल्प – वस्तूंची विशिष्ट जागेत मांडणी करून साकारलेली कलाकृती.

४.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (१) ब (२) ब (३) क
प्रश्न २ : (१) जागेचा, वेळेचा आणि निर्णयाचा बदल. (२) सोंगाड्या लोकांच्या वतीने बोलतो, तर जोकर लोकांना बोलायला लावतो. (३) भोवतालच्या प्रेक्षकांचे शब्द व प्रतिसाद नोंदवण्यासाठी.

४.६ सरावासाठी स्वाध्याय

(१) सहभागाच्या तीन पातळ्या आपल्या परिसरातील उदाहरणे देऊन स्पष्ट करा.
(२) 'खडी गंमतीतील वर्तुळाकार रचना आणि प्रेक्षक' या विषयावर टीप लिहा.
(३) विद्यापीठीय महोत्सवांनी लोककलेला काय दिले आणि तिच्यातून काय वजा झाले, याची साधकबाधक चर्चा करा.

४.७ क्षेत्रीय कार्य

आपल्या गावातील किंवा जवळच्या गावातील मंडई, भजन, भुलाबाई अथवा महाविद्यालयीन महोत्सव यांपैकी एका कार्यक्रमास उपस्थित राहा. त्यातील कोणत्याही पंधरा मिनिटांची दोन भागांत नोंद करा. घरी आल्यावर उजवा भाग झाकून फक्त डावा भाग वाचा आणि काय कळेनासे झाले ते दहा ओळींत लिहा. ही नोंदवही संपर्कसत्राच्या वेळी सोबत आणावी. त्या दिवशी अन्य विद्यार्थ्यांच्या नोंदींशी तिची तुलना करायची आहे.